पुढचं मऊ, मागचं कडक

‘सुखाची साधनं’ हा विषय संपादकांनी दिला, तेव्हाच मोटारगाडी त्यात येणार हे उघड होतं. पण मोटारीतल्या सुखाची चर्चा बहुधा गाडीच्या आतच घुटमळते: सीटचं कव्हर, एसी, बाहेरचा आवाज अडवणाऱ्या काचा. दोनशे किलोमीटर बसून आलेला माणूस कंबर न धरता खाली उतरतो आणि चालू लागतो, त्याचं खरं श्रेय ज्यांना द्यायचं त्या वस्तू गाडीच्या पोटाखाली, चिखलात आणि ग्रीसमध्ये असतात. त्या पाहायच्या तर शोरूमचा काही उपयोग नाही. गॅरेजात, जॅकवर उचललेल्या गाडीखाली वाकावं लागतं.

सुरुवात मालवाहू टेम्पोच्या मागच्या चाकापासून केलेली बरी, कारण तिथे सगळा इतिहास उघडा पडलेला असतो. एकावर एक रचलेले पोलादाचे पाटे. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवून त्यांत बुश बसवलेले. एक टोक चासीला पक्कं आणि दुसरं शॅकलला लोंबतं सोडलेलं, कारण भार पडला की पाटा सरळ होत लांबतो आणि ती लांबी कुठेतरी सामावून घ्यावी लागते. मधोमध सेंटर बोल्ट, आणि दोन यू-बोल्टांनी पाट्यांना आवळून धरलेला ॲक्सल. पाट्यांच्या कडा गंजलेल्या, फटींतून कधीकाळी भरलेल्या ग्रीसची काळी माती डोकावतेय. ही रचना मोटारीची नाहीच. घोडागाडीला पोलादी कमानी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लागल्या होत्या; इंग्लंडमधल्या ओबडाया इलियट या कारागिराचं नाव त्या संदर्भात घेतलं जातं. पुढे मोटार आली तेव्हा तिचा सांगाडा बनवणारे हात बग्गी बनवणाऱ्यांचेच होते. त्यांनी घोडा काढला, इंजिन बसवलं आणि कमानी होत्या तिथेच ठेवल्या.

मोटारीचा प्रवास पहिली काही दशकं गचक्यांचा राहिला, याचा दोष सहसा खराब स्प्रिंगांना आणि खराब रस्त्यांना दिला जातो. मला तो पटत नाही. स्प्रिंगांचं पोलाद चांगलंच होतं, टायर दर दहा वर्षांनी सुधारत होते, रस्तेही हळूहळू सुधारत होते. चुकीची होती ती मांडणी. पुढच्या स्प्रिंगा कडक आणि मागच्या मऊ, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती आणि तिला कारणंही होती. ती उलटी होईपर्यंत बाकीच्या सुधारणा वरवरच्या ठरल्या. ती उलटी करायची तर गाडीचं सगळं पुढचं अंग नव्याने घडवावं लागणार होतं. ते काम १९३० ते १९३४ या काळात, मुख्यतः डेट्रॉइटमध्ये झालं.

सेकंदाला किती हेलकावे

स्प्रिंग मऊ की कडक, हे हाताने दाबून कळत नाही. गाडीचं वजन पडल्यावर ती किती दबते, यावर सगळं ठरतं. वजनाखाली स्प्रिंग ६ सेंटिमीटर दबली, तर गाडीचं ते टोक सेकंदाला साधारण २ हेलकावे खातं. २५ सेंटिमीटर दबली, तर सेकंदाला एकच. गाडी किती जड आहे, स्प्रिंग पाट्यांची आहे की गुंडाळीची, याच्याशी या हिशेबाला काही देणंघेणं नाही. दबण्याची लांबी तेवढी मोजायची. गोम अशी की हा हिशेब वर्गमुळाचा आहे. हेलकाव्यांचा वेग निम्मा करायचा तर दबायला चौपट जागा हवी. म्हणून मऊपणा ही पोलादाची नव्हे, जागेची चैन आहे, आणि बग्गीच्या सांगाड्यात पुढच्या ॲक्सलवर ही जागा कधीच नव्हती.

हेलकावे कमी हवेत ते कशासाठी? बसलेल्या माणसाचं पोट आणि छाती सेकंदाला ४ ते ८ वेळा हलवली की सर्वांत जास्त हिंदकळतात. अंगाची स्वतःची लय तिथे जुळते आणि हादरा आत वाढत जातो. उलट अर्ध्या हेलकाव्याच्या खाली गेलं की बोटीसारखं मळमळू लागतं. या दोन्हींच्या मधे, एकपासून दीडपर्यंत, एक अरुंद पट्टा आहे आणि तो माणसाच्या चालण्याच्या लयीच्या आसपास येतो. हे गणित पुढे प्रयोगशाळांनी मांडलं, पण बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने ते १८९० च्या दशकातच हेरलं होतं. आपल्या गाडीचे हेलकावे त्याने चालण्याच्या लयीजवळ आणले. त्यासाठी पाट्यांकडून एकाच वेळी दोन कामं करून घेण्याची पद्धत त्याने मोडली: वजन पाट्यांनी पेलायचं आणि ॲक्सलला जागेवर धरायचं काम वेगळ्या दांड्यांनी करायचं. त्याच्या काळातल्या बाकीच्या गाड्यांशेजारी ठेवून पाहिलं तर हा माणूस तीस वर्षं पुढे होता. पण त्याच्या गाड्या थोड्या आणि महाग, त्यामुळे धंद्याने त्याचं ऐकलं नाही.

टायरने दिलं, टायरनेच घेतलं

इथे पहिला आक्षेप येतो. कोणी म्हणेल, मोटारीचं सुख म्हणजे हवेचा टायर, बाकी सगळा तपशील. डनलॉपने १८८८ मध्ये मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला आणि मिशेलिन बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत तो मोटारीला लावून धावडवला. वाटेत पंक्चरांनी जेरीस आणलं, तरी गाडी शेवटपर्यंत गेली. हवेचा टायर नसता तर मोटार वेगाने धावूच शकली नसती, हे मान्य. पण टायर काय गिळतो ते पाहा. दगडाची धार, खडी, फरशीच्या सांधी, असे लहान आणि टोकदार हादरे तो पोटात घेतो. दहा-पंधरा मीटर लांबीची रस्त्याची लाट त्याला दिसतच नाही. तीवरून चाक जातं, ॲक्सल वर येतो आणि पुढचं सगळं स्प्रिंगच्या हवाली होतं.

शिवाय टायरने एक संकट आणलं. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत कमी दाबाचे, जाड ‘बलून’ टायर आले. त्याच वर्षांत पुढच्या चाकांनाही ब्रेक लागू लागले, म्हणजे पुढच्या ॲक्सलच्या टोकांचं वजन वाढलं. परिणाम असा की एका ठरावीक वेगाला पुढची चाकं आपोआप डावी-उजवी फडफडू लागत आणि स्टिअरिंग हातातून सुटायला बघे. याला शिमी म्हणतात. त्यावर त्या काळात केलेले उपाय वाचताना गंमत वाटते. काही महागड्या गाड्यांच्या बंपरच्या टोकांत जड वजनं बसवली जात, की बंपरनेच थरथर शोषून घ्यावी. सर्वांत सोपा उपाय एकच होता: पुढच्या स्प्रिंगा आणखी कडक करा. म्हणजे एका हाताने टायर मऊ करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचं सुख काढून घ्यायचं.

शॉकॲब्सॉर्बरची कथाही अशीच अर्धवट आहे. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने हेलकावे थोडे मरतात, म्हणून सुरुवातीला वेगळ्या शॉकॲब्सॉर्बरची गरज वाटली नाही. पुढे फ्रान्समधल्या त्रुफोच्या कल्पनेवरून अमेरिकेत हार्टफर्डने, १९०४ च्या सुमारास, घर्षणाचे शॉकॲब्सॉर्बर विकायला काढले: एकमेकींवर दाबलेल्या चकत्या आणि दोन दांड्या. घर्षणाचा स्वभाव उलटा आहे. लहान खड्ड्याला ते जाम राहतं, म्हणजे स्प्रिंग असून नसल्यासारखी. आणि मोठ्या आदळण्याला ते पुरत नाही. हवं असतं नेमकं याच्या उलट. बारीक छिद्रातून तेल ढकलणारा हायड्रॉलिक शॉकॲब्सॉर्बर हे जमवतो, कारण हालचाल जितकी जोरात तितका तेलाचा विरोध जास्त. विसाच्या दशकाच्या अखेरीस चांगल्या गाड्यांत तो दिसू लागला. तरीही मागच्या सीटवरचा माणूस उडतच होता. शॉकॲब्सॉर्बर हेलकावा लवकर संपवतो. तो हेलकावा कोणत्या दिशेचा असावा हे ठरवणं त्याच्या हातात नसतं.

स्प्रिंगफील्डची रोल्स-रॉइस

दिशेचा प्रश्न ज्याने धसास लावला तो मॉरिस ऑली हा इंग्लंडमध्ये हेन्री रॉइससोबत काम केलेला इंजिनियर. १९२१ पासून रोल्स-रॉइस कंपनी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी गाड्या बनवत होती आणि ऑली तिथे होता. घरच्या रस्त्यांवर जिच्या चालीचं कौतुक व्हायचं, ती गाडी अमेरिकेतल्या लाटालाटांच्या रस्त्यांवर ग्राहकांना नकोशी व्हायची. स्वस्त टायर, हलका लोखंडी सांगाडा, घाईचं काम, अशी कुठलीच सबब इथे चालत नव्हती. जगातली सर्वांत निगुतीने बनवलेली गाडी खराब चालत होती. म्हणजे खोट कारागिरीत नव्हती, गाडी ज्या तत्त्वावर उभी होती त्यातच होती. माझ्या मते सस्पेन्शनच्या इतिहासातला हा सर्वांत उपयोगी अपमान.

मग रोल्स-रॉइसच्या लोकांनी अख्ख्या गाड्या वरून टांगून झुलवल्या. झुलायला किती वेळ लागतो त्यावरून गाडीचं वजन तिच्या लांबीत कसं पसरलंय ते काढता येतं. इंग्लंडमध्ये, डर्बीच्या कारखान्यात, उभ्या गाडीखाली उंचवटे फिरवणारं यंत्र बसवलं, म्हणजे बंद खोलीत गाडी कशी उसळते ते डोळ्यांनी पाहता यावं. तोवर गाडीची चाल हा विषय अनुभवी ड्रायव्हरच्या मताचा होता. इथे तो पहिल्यांदा मोजमापाचा झाला. स्प्रिंगफील्डचा कारखाना १९३१ मध्ये बंद पडला. त्याआधीच, नोव्हेंबर १९३० मध्ये, ऑली कॅडिलॅकमध्ये म्हणजे जनरल मोटर्समध्ये दाखल झाला आणि हे सगळं ज्ञान सोबत घेऊन गेला.

वजनं सरकवायची लिमोझिन

१९३२ च्या सुरुवातीला कॅडिलॅकमध्ये एक चमत्कारिक गाडी तयार झाली. सात माणसांची लिमोझिन, तिच्या पुढे आणि मागे वजनं लावण्याची सोय. वजनं बाहेर सरकवली की गाडीचा जडपणा टोकांकडे जायचा, आत आणली की मध्यावर. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचा मऊपणाही वेगवेगळा बदलता यायचा. हिला नाव पडलं ‘के-स्क्वेअर रिग’. वजनाचा पसारा मोजणाऱ्या सूत्रातलं ते अक्षर. प्रवाशाला काय वाटतं ते मोजणारं उपकरण त्या वेळी नव्हतंच. मग पद्धत अशी ठेवली की वजनं बदलायची, माणसांना बसवायचं, फेरी मारायची आणि विचारायचं, कसं वाटलं. आजचा एखादा संशोधक याला शास्त्र म्हणायला कचरेल. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून, तीच माणसं, तोच रस्ता आणि तीच गाडी घेऊन केलेली ही तुलना चोख होती, आणि ज्या सुखाचा शोध चालला होता ते शेवटी त्या माणसांच्या पाठीतच होतं.

यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली वजनाच्या पसाऱ्याची. दोन घागरींची कावड खांद्यावर असेल तर ती पटकन फिरत नाही, आणि फिरू लागली तर सावकाश फिरते. त्याच दोन घागरी खांद्याजवळ मध्यावर बांधल्या तर दांडा जरा धक्क्याने वरखाली होतो. जुन्या मोटारी दुसऱ्या जातीच्या होत्या. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या बरंच मागे, सगळा भार मधे गोळा, आणि प्रवासी थेट मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर. पुढच्या चाकाला बसलेला धक्का गाडीचं मागचं टोकही हलवायचा. वजन योग्य प्रमाणात टोकांकडे पसरलं की एका टोकाचा धक्का त्याच टोकाला राहतो.

दुसरी गोष्ट जास्त अनपेक्षित होती, आणि या लेखाचं शीर्षक तिचंच आहे. गाडी लाटेवरून जाते तेव्हा पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. दोन ॲक्सलांमधे ३ मीटर अंतर असेल आणि वेग ताशी ७२ किलोमीटर असेल, तर हा उशीर ०.१५ सेकंदाचा. जुन्या रिवाजाने पुढची स्प्रिंग कडक, समजा मिनिटाला ११० हेलकाव्यांची, आणि मागची मऊ, ८० हेलकाव्यांची. पुढचं टोक आधी सुटलेलं, वर आणि जास्त वेगवान. ते मागच्याला कधीच सापडत नाही. पाऊण सेकंद उलटून जातो न जातो तोच पुढचं टोक खाली निघालेलं आणि मागचं वर येत असलेलं, अशी विपरीत स्थिती येते, आणि गाडी नाक आपटत शेपटी उडवत जाते. यालाच पिचिंग म्हणतात. आता रिवाज उलटा करू. पुढचं टोक ६६ हेलकाव्यांचं, मागचं ७८ चं. पुढच्याची एक फेरी ०.९१ सेकंदात पुरी होते. मागच्याची ०.७७ सेकंदात, अधिक उशीर ०.१५, म्हणजे ०.९२. मागून निघालेला पुढच्याला नेमका गाठतो. पहिल्या फेरीअखेर दोन्ही टोकं एकदम वर, एकदम खाली. गाडी आडवी राहून सबंधच्या सबंध वरखाली होते.

सरळ वरखाली होणं माणसाला चालतं. चालताना तेच होत असतं. पिचिंगमध्ये मात्र डोकं पुढे-मागे झटकलं जातं, मान ते आवरत राहते आणि दमते. के-स्क्वेअर रिगवर बसलेल्यांनी ज्याला चांगलं म्हटलं, ते ही सपाट चाल होती. पुढचं मऊ, मागचं त्याहून थोडं कडक. प्रत्येक कारखान्यात याच्या उलट चाललेलं होतं, कारण सर्वांचा साधा तर्क असा, की साहेब मागे बसतात, तेव्हा मागची स्प्रिंग मऊ करा.

ॲक्सल तोडला

उत्तर सापडलं पण वापरता येईना. पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की शिमी अंगावर येई. कारण सरळसोट आहे. दोन्ही पुढची चाकं एकाच आडव्या ॲक्सलला बांधलेली. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल तिरपा होतो, म्हणजे दोन्ही फिरती चाकं तिरपी होतात. वेगाने फिरणारं चाक तिरपं केलं की ते भोवऱ्याच्या नियमाने काटकोनात वळू पाहतं, आणि पुढच्या चाकांना वळायला मोकळीक दिलेलीच असते. स्प्रिंग जितकी मऊ, तितका ॲक्सल जास्त तिरपा होणार आणि चाकं तितकी जास्त फडफडणार. शिवाय पुढचे पाटे मऊ झाले की ब्रेक लावताना ॲक्सलच पिळला जाई आणि स्टिअरिंगच्या दांड्या भलतीकडे ओढल्या जात. तेव्हा पुढचा ॲक्सल तोडून दोन्ही चाकं स्वतंत्र लटकवणं एवढाच मार्ग उरला. स्वतंत्र सस्पेन्शन हे मुळात सुख देणारं यंत्र नाही. मऊ पुढची स्प्रिंग सुरक्षितपणे वापरता यावी म्हणून दिलेला परवाना आहे. हा फरक निसटला की पुढचा सगळा वाद चुकतो.

१९३३ पर्यंत दोन प्रायोगिक कॅडिलॅक गाड्या उभ्या राहिल्या. एकीत फ्रेंच शर्यतपटू आणि पहिल्या महायुद्धातला वैमानिक आंद्रे द्युबोने याची रचना: स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर तेल भरलेल्या एका बंद डब्यात, तो डबा चाकासोबत वळणारा. दुसरीत वर आखूड आणि खाली लांब अशा दोन भुजा, मधे गुंडाळी स्प्रिंग. भुजा असमान ठेवण्यात हुशारी आहे: चाक वरखाली होताना त्याचा जमिनीवरचा ठसा बाजूला सरकत नाही आणि चाक बेताचंच कलतं. मार्च १९३३ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांना या गाड्यांत फिरवून आणलं. तो महिना अमेरिकेत मंदीच्या तळाचा. मिशिगनच्या बँका फेब्रुवारीतच बंद पडल्या होत्या आणि मार्चमध्ये देशभरातल्या बंद झाल्या. अशा वेळी पुढचं सगळं अंग बदलण्याचा खर्च कोण मंजूर करणार? पण गाडीतून उतरलेल्यांनी तो केला. शेवरले विभागाचे प्रमुख विल्यम नुडसेन यांनी तर हे महागड्या गाड्यांपुरतं ठेवायला नकार दिला, शेवरलेलाही हवं. अडचण अशी होती की गुंडाळी स्प्रिंगांची तार घासून गुळगुळीत करणारी यंत्रं तेवढ्या गाड्यांना पुरतील इतकी देशात नव्हतीच. हे सगळं कळतं ते जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांच्यामुळे. आपल्या आत्मकथनात त्यांनी ऑलीचं या विषयावरचं निवेदन त्याच्याच शब्दांत दिलं आहे, आणि एका कंपनी-प्रमुखाने स्प्रिंगांना एवढी पानं द्यावीत याचं मला अजून नवल वाटतं.

१९३४ च्या मॉडेलांत कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्डस्मोबिल यांना भुजांची रचना मिळाली. शेवरले आणि पॉन्टिॲक यांना द्युबोनेची. जाहिरातीतलं नाव ‘नी-ॲक्शन’. द्युबोनेची रचना बसायला सुखाची होती पण निगा मागणारी. डब्यातून तेल गळालं की शॉकॲब्सॉर्बर संपला, आणि खेड्यापाड्यातला मालक तेलाची पातळी कशाला तपासतोय? शेवरलेने १९३९ मध्ये ती सोडून भुजा घेतल्या. आपल्याच माजी माणसाचं म्हणणं रोल्स-रॉइसनेही ऐकलं: १९३६ पासून विकल्या गेलेल्या फँटम-३ चं पुढचं सस्पेन्शन जनरल मोटर्सच्या कामावर बेतलेलं होतं.

युरोपात तर आधीच होतं

या कथेवर युरोपचे चाहते हमखास नाक मुरडतात, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. फ्रान्सच्या देकोव्हिलने १८९८ मध्ये पुढची चाकं स्वतंत्र केली होती, इंग्लंडच्या मॉर्गनने १९१० च्या सुमारास, इटलीच्या लान्चिया लाम्ब्डाने १९२२ मध्ये. मर्सिडीज-बेंझने दोन भुजा आणि गुंडाळी स्प्रिंगांची ३८० ही गाडी १९३३ मध्येच दाखवली. मग डेट्रॉइटने नवं काय केलं? मॉर्गनकडेच बघा. तिची पुढची चाकं एवढी वर्षं स्वतंत्र आहेत, आणि हाडं खिळखिळी करणारी गाडी म्हणून तिची ख्याती तितकीच जुनी आहे. चाकं सुटी केली म्हणून सुख मिळत नाही; सुटी केल्यावर पुढची स्प्रिंग किती मऊ ठेवली आणि मागचीशी तिचं नातं काय, यावर ते मिळतं. देकोव्हिलपासून लान्चियापर्यंत सर्वांनी यंत्र शोधलं. ते कशासाठी वापरायचं, हे के-स्क्वेअर रिगने सांगितलं.

याची उलटतपासणीही त्याच वर्षी झाली. १९३४ ची क्रायस्लर एअरफ्लो तिच्या गोलसर आकारासाठी लक्षात राहिली आणि त्याच आकारामुळे विकली गेली नाही. पण कार्ल ब्रीअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचं इंजिन पुढे ढकलून पुढच्या ॲक्सलवर आणलं, मागची सीट मागच्या ॲक्सलच्या पुढे ओढली आणि पुढचे पाटे लांब आणि मऊ केले. ॲक्सल मात्र जुनाच, सलग. तरीही तिच्या सुखद चालीची वाखाणणी झाली. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने तर सलग ॲक्सल आणि आडवा पाटा १९४८ पर्यंत सोडला नाही. स्वस्त, दणकट आणि खेड्यातल्या लोहाराला दुरुस्त करता येणारा, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण १९३५ च्या फोर्डमध्येही इंजिन आणि प्रवासी दोघांना पुढे सरकवावंच लागलं. सलग ॲक्सल टिकवता येत होता, मांडणी टिकवता येत नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मऊ गाडी वळणावर कलते, आणि पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकी गाड्या तर पलंगासारख्या डोलत. खरं आहे. पुढची स्प्रिंग मऊ झाली की वळणावर पुढचं टोक बाहेर झुकतं, आणि ते आवरायला दोन्ही चाकांना जोडणारा पिळाचा बार, अँटी-रोल बार, लावावा लागतो. बार सरळ उडीत आड येत नाही, फक्त एका बाजूला कलताना पिळला जातो. म्हणजे सुख न गमावता ताबा मिळतो. ऑलीने तिशीच्या दशकात सुखाइतकाच वेळ याच प्रश्नाला दिला आणि पुढे १९५३ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या चासीवरही त्याने काम केलं. डोलणाऱ्या पलंगांचा दोष विक्री विभागांचा, ज्यांना शोरूममधून निघाल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांचं सुख हवं होतं.

शिवडी, कुर्ला आणि वडाप

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध येतो तो जुळणीपासून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेवरले जोडायला सुरुवात केली. भारतातला मोटार-जुळणीचा तो पहिला कारखाना. पण डेट्रॉइटचा धडा लाखो मुंबईकरांच्या पाठीपर्यंत पोचला तो कुर्ल्याहून, प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या फियाट ११०० मधून. प्रीमिअर पद्मिनीच्या टॅक्सीखाली डोकावलं की तिशीच्या दशकाचा तह दिसे: पुढे दोन भुजा आणि गुंडाळी स्प्रिंग, मागे सलग ॲक्सल आणि पाटे. मागे पाटे ठेवण्यात कंजूषपणा होता, पण मूर्खपणा नव्हता. डिकीत सामान, मागे तीन माणसं, कधी चार, हा बदलता भार कडक मागच्या पाट्यांना झेपतो, आणि मागचं कडक असलेलं सपाट चालीलाही चालतं. पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

जुनी मांडणीही इथेच, शेजारी, नांदत होती. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, करणाऱ्या जुन्या जीपगाड्यांना पुढेही पाटे आणि मागेही पाटे. त्या ज्या विलिस जीपच्या वंशातल्या, तिच्या दोन ॲक्सलांमधलं अंतर अवघं ८० इंच. अंतर कमी म्हणजे पिचिंगला आमंत्रण. आणि मागच्या आडव्या बाकांवर, थेट ॲक्सलवर आणि त्याच्याही मागे, माणसं कोंबलेली; दारात लटकणारा गाडीच्या सर्वाधिक उडणाऱ्या जागी. चढाच्या, दगडी वाटेवर या गाडीला तोड नव्हती, आणि त्यासाठी तिचा सलग ॲक्सल योग्यच होता. प्रवाशांचं सुख त्या आराखड्यात कुणी मागितलंच नव्हतं.

आपल्या रस्त्यांवर सपाट चालीची थिअरी पुरी पडत नाही, हेही सांगायला हवं. ती लाटांची थिअरी आहे. पावसाळ्यातल्या उभ्या कडांच्या खड्ड्यांत टायरची उंची, चाकाचं वजन आणि स्प्रिंगला खाली-वर जायला उरलेली जागा यांचं चालतं. हल्ली दिसायला ऐटबाज म्हणून मोठी, जड चाकं आणि पातळ टायर लावून घेणारे गाडीमालक नव्वद वर्षांची कमाई एका दुपारी घालवतात.

तेव्हा नवी-जुनी कोणतीही गाडी घ्यायला जाल, तर ट्रायलला स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या आणि स्वतः मागे बसा. स्पीडब्रेकरवर भुलू नका. तिथे गाडी इतकी हळू असते की फक्त शॉकॲब्सॉर्बर चांगला की गेलेला, एवढंच कळतं. हायवेवर पुलाच्या दोन्ही तोंडांना जिथे भराव खचून लाट झालेली असते, तिथून ताशी ७०-८० ने जायला सांगा आणि समोरच्या सीटच्या वरच्या कडेकडे बघा. ती कड एकदा वर येऊन तशीच आडवी खाली बसली, तर गाडी चांगली आहे. ती मान डोलावत राहिली, तर दुसरी गाडी बघा.